नवकवितेचं देणं, गद्याच्या खात्यावर

मराठी नवकवितेचा पुढच्या कथा-कादंबरीवर काय परिणाम झाला, या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आपल्याकडे आहे. १९४७ साली बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह आला, मराठी कविता बदलली आणि तिच्या पाठोपाठ गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात. तारखा मात्र या उत्तराला साथ देत नाहीत. गाडगीळांचा 'मानसचित्रे' हा कथासंग्रह १९४६चा, म्हणजे 'काही कविता'च्या आधीचा. खुद्द मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' ही कादंबरी १९४२ची आणि 'तांबडी माती' १९४३ची. संज्ञाप्रवाहाचं तंत्र त्यांनी मराठीत आणलं ते कवितेतून नव्हे, कादंबरीतून. तोवर कवी म्हणून त्यांच्या नावावर होता तो १९३९चा 'शिशिरागम', रविकिरण मंडळाच्या सावलीतला.

मग कवितेनं गद्याला दिलं काय? एका रात्रीत माणसाच्या डोक्यात काय काय चालतं ते टिपणारी 'रात्रीचा दिवस' धाडसी होती, पण तिचं बोट धरून कोणी पुढे गेलं नाही. १९४८ची 'पाणी' तर अभ्यासकांपुरतीच उरली. मर्ढेकरांच्या कादंबऱ्यांना वंश नाही. त्यांच्या कवितेला आहे, आणि तो जितका कवितेत आहे तितकाच गद्यात आहे. फक्त तो दिसायला पंधरा-सोळा वर्षं लागली आणि दिसला तो पुण्यात शिकून गेलेल्या एका मुलाच्या कादंबरीत.

पुण्याचा या गोष्टीशी संबंध थोडा आडवाटेचा आहे. नवकविता पुण्याची नव्हे. ती मुंबईच्या लोकलची, गिरण्यांची, चाळींची आणि दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनच्या रांगांची. तिला जागा दिली ती बडोद्याहून निघणाऱ्या 'अभिरुची'नं आणि मुंबईच्या 'सत्यकथे'नं. पिंपातल्या उंदरांवरची मर्ढेकरांची ती गाजलेली कविता 'अभिरुची'तलीच. पण मर्ढेकर शिकले पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. जन्मगाव खानदेशातलं फैजपूर. त्याच फर्ग्युसनमध्ये पुढे खानदेशातल्याच सांगवीचे भालचंद्र नेमाडे आले, तिथून भाषाशास्त्रासाठी डेक्कन कॉलेजात गेले. किरण नगरकरही काही काळ फर्ग्युसनचेच. गौरी देशपांडे यांनी तिथे इंग्रजी शिकवलं. हा योगायोग आहे, त्यातून सिद्धान्त काढण्याचं कारण नाही. तरी फर्ग्युसन रस्त्यानं जाताना तो आठवतो खरा.

आधी नवकथेचा हिशेब करू. नवकथा नवकवितेची लेक नव्हे, बहीण. दोघींना वाढवणारी मासिकं तीच, संपादक तेच, भोवतालचं जग तेच: युद्ध, काळाबाजार, बेचाळीसची चळवळ आणि पुस्तकांतून पोचलेला फ्रॉइड. गाडगीळांच्या कथेत घटना मागे सरते आणि मनातली हालचाल पुढे येते. त्यासाठी त्यांना मर्ढेकरांची कविता वाचण्याची गरज नव्हती. अरविंद गोखले पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात शिकवत आणि कथा लिहीत. स्त्रीच्या मनाचे बारीक पदर त्यांनी काढले, तेही कवितेची उसनवारी न करता. माडगूळकरांचं तर नावच या यादीत ओढूनताणून बसवलेलं असतं. 'माणदेशी माणसं' किंवा 'बनगरवाडी'चं नितळ, कोरडं वाक्य नवकवितेतून आलेलं नाही. ते ऐकून लिहिणाऱ्या माणसाचं वाक्य आहे. पुढे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर माडगूळकरांनी जे काम केलं, तेही त्याच कानाचं. मर्ढेकरांचीही नोकरी आकाशवाणीतलीच, पण त्या एका खात्यामुळे दोघांचं नातं जुळत नाही.

नवकथेला मर्ढेकरांकडून मिळालं ते कवितेपेक्षा त्यांच्या सौंदर्यशास्त्रातून. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची लयतत्त्वं आणि 'भावनानिष्ठ समतानता' ही त्यांची संज्ञा. यांमुळे कथेकडे 'पुढे काय झालं' या प्रश्नाऐवजी 'हे कसं रचलंय' या प्रश्नानं पाहण्याची सवय मराठी समीक्षेला लागली. 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ साली ग्रंथरूपानं आलं. १९५६च्या मार्चमध्ये मर्ढेकर गेले आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर मिळाला. पण ही दृष्टी त्याआधीच 'सत्यकथे'च्या टेबलावर पोचली होती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा वाचत त्या कवितेसारख्या, ओळ न् ओळ तपासत. कुठला तपशील कुठल्या तपशिलाशी बोलतो, हे पाहत. त्याचा फायदा झाला, तोटाही झाला. कथा घोटीव झाली आणि काही वर्षांत घोटीवपणाचाच साचा झाला. साठच्या दशकात तरुण लेखक 'सत्यकथे'वर उखडले, राजा ढाले आणि मित्रांनी तिचा अंक जाळला, त्यामागे जातीचे, वर्गाचे, संस्कृतीचे प्रश्न होतेच. पण 'कलाकृती'च्या या कोंदट आदरावरचा रागही होता.

कवींनी स्वतः लिहिलेल्या कादंबऱ्या हा वेगळा पदर आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं. पु. शि. रेगे यांची 'सावित्री' १९६२ची. सगळी पत्रांतून, आणि पत्रं एकाच बाजूची. समोरच्याचं उत्तर आपल्याला कधीच वाचायला मिळत नाही. रेग्यांची कविता ज्या काटकसरीनं चालते, तीच काटकसर त्यांनी कादंबरीच्या रचनेत आणली. दोन पत्रांच्या मधली जागा वाचकानं भरायची. लच्छी आणि मोराची छोटीशी गोष्ट मध्येच येते आणि सगळ्या पुस्तकाचा अर्थ तिच्याभोवती गोळा होतो. कादंबरीकारानं हाच अर्थ पोचवायला दोन प्रकरणं घेतली असती. युद्धाचा काळ, कूर्गपासून परदेशापर्यंतचा प्रवास, राजकारण, हे सगळं पत्रांच्या कडेकडेनं येतं. पुस्तक इतकं लहान आहे की एका बैठकीत संपतं, आणि बहुतेक वाचक ते पुन्हा पहिल्या पत्रापासून सुरू करतात. कवीचा हात गद्याला लागला की काय होतं, याचं मराठीतलं सर्वांत शुद्ध उदाहरण म्हणून मी 'सावित्री'कडे बोट दाखवीन. पण हेही खरं की हा रस्ता फक्त रेग्यांचा. अनुकरण करायला गेलेल्यांच्या हाती नाजूकपणाच लागला.

चिं. त्र्यं. खानोलकरांचं अगदी उलट. आरती प्रभू या नावानं कविता आणि स्वतःच्या नावानं 'रात्र काळी घागर काळी' (१९६२), 'अजगर', 'कोंडुरा', असा त्यांचा दोन घरांतला संसार. पण भिंत पातळ होती. त्यांच्या कादंबरीत माणसं कारणांनी चालत नाहीत, प्रतिमांनी चालतात. काळोख, पाणी, शाप, देवस्थान यांचा जोर इतका की पात्राला स्वतःची इच्छा उरतच नाही. कोकणातल्या नियतीचा धाक त्यांच्याइतका कुणी उभा केला नाही. आणि त्यांच्याइतका गद्याचा तोलही कुणी वारंवार घालवला नाही. प्रतिमेवर प्रतिमा चढते, पान भारावतं, आणि मुळात काय झालं हे शोधायला मागे जावं लागतं. शरच्चंद्र मुक्तिबोध यांची गोष्ट आणखी निराळी. 'नवी मळवाट'चा हा कवी 'क्षिप्रा', 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' या तीन कादंबऱ्यांत गेला तो प्रतिमेसाठी नव्हे, तर एका तरुणाच्या वैचारिक घडणीसाठी. कवितेत मावत नव्हतं ते सांगायला त्यांना गद्य लागलं.

जी. ए. कुलकर्णींचं नाव या संदर्भात नेहमी निघतं. धारवाडला इंग्रजी शिकवणारे आणि अखेरच्या काळात पुण्यात येऊन राहिलेले जीए १९८७ साली इथेच वारले. त्यांच्या गद्याला सरसकट 'काव्यात्म' म्हणण्याची पद्धत आहे. मला ती आळशी वाटते. 'काजळमाया'तली कथा प्रतिमांनी दाट असते, पण तिचा सांगाडा जुन्या दंतकथेचा, रूपकाचा असतो. सुरुवात, प्रवास, कसोटी, शेवट, सगळं जागच्या जागी. आधुनिक कवितेचं तुकडेपण तिच्यात नाही. अपवाद 'सांजशकुन'चा (१९७५). तिथल्या लहान लहान रचना कथा म्हणाव्यात की गद्यकविता, असा प्रश्न पडतो, आणि जीएंच्या वाचकांतही ते पुस्तक मागे पडलेलं दिसतं. धारवाडात त्यांच्या भोवतीच्या कन्नडमध्ये या सुमारास फार सरळ गोष्ट घडत होती. गोपालकृष्ण अडिगांच्या नव्य कवितेच्या तालमीत तयार झालेले यू. आर. अनंतमूर्ती १९६५ साली 'संस्कार' लिहीत होते. तिथे कवी आणि कादंबरीकार यांच्यातला धागा उघड आहे. आपल्याकडे तो गुंतलेला आहे.

तो सोडवायचा तर मर्ढेकरांच्या कवितेत नेमकं काय नवं होतं, हे पुन्हा पाहावं लागतं. उंदीर, यंत्रं, पंक्चर झालेल्या रात्री, हा झाला मालमसाला. तो कुणीही उचलू शकतो आणि पुष्कळांनी उचललाही. खरी गोष्ट होती ती पद्धत. मर्ढेकरांनी मुंबईच्या यंत्रयुगाची विटंबना सांगायला मुक्तछंदाचा हुकमी मार्ग धरला नाही. ते अभंगाकडे आणि ओवीकडे गेले. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदासांच्या घाटात त्यांनी कारखान्याचा भोंगा बसवला. 'पंक्चर' या परक्या नामाला मराठी क्रियापदासारखं चालवलं. संस्कृत समास आणि रस्त्यावरचं इंग्रजी एकाच ओळीत शेजारी बसवलं. जुना, घरचा, जवळजवळ भक्तीचा साचा आणि आत आजची घाण, यांच्या घर्षणातून त्यांचा उपरोध निघतो. साचा परका असता तर तो निघाला नसता.

आता १९६३ सालची 'कोसला' घ्या. नेमाडे तेव्हा पंचविशीतले, मुळात कवितेकडे ओढा असलेले. त्यांना लिहायला भाग पाडलं आणि पुस्तक काढलं ते पुण्याच्या देशमुख आणि कंपनीच्या रा. ज. देशमुखांनी. नायक पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्यात शिकायला येतो. वसतिगृह, मेस, स्नेहसंमेलन, वायफळ मित्र, परीक्षा आणि शेवटी हात हलवत परत गाव. कथानक म्हणून यात सांगण्यासारखं फार नाही. पण पहिल्याच वाक्यात 'उदाहरणार्थ' हा शब्द अशा ठिकाणी येतो की वाचक अडखळतो. 'उदाहरणार्थ' ही निबंधाची, वर्गातल्या फळ्याची भाषा. ती नायक स्वतःच्या वयाला, स्वतःच्या जगण्याला लावतो, जणू आपण स्वतःच कशाचं तरी एक किरकोळ उदाहरण आहोत. तसंच 'वगैरे'. दुःख वगैरे, प्रेम वगैरे, भविष्य वगैरे. शिष्ट मराठीतला निरुपद्रवी शब्द भलत्या जागी बसवायचा आणि त्या जागेवरच्या शब्दाचं सोंग उघडं पाडायचं. ही युक्ती गद्यातून आली नाही. खांडेकर-फडक्यांच्या गद्यात तिचा मागमूस नाही, नवकथेतही नाही. ती मर्ढेकरांच्या ओळीतली आहे.

साम्य शब्दांपुरतंच नाही. नेमाड्यांच्या गद्याच्या मागे 'लीळाचरित्रा'चं महानुभावी गद्य आहे, हे समीक्षकांनी बऱ्याचदा दाखवलं आहे. छोटी वाक्यं, क्रियापदाला पुढे ठेवणारी, भावना न सांगणारी, एकामागून एक नुसती नोंद करणारी. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते, ती पानं पाहा. सगळं जग ज्या वाक्यांनी कोसळतं, ती वाक्यं मात्र आवाज न चढवता चालतात. मर्ढेकरांनी यंत्रयुगासाठी अभंग घेतला. नेमाड्यांनी वसतिगृहातल्या पोरासाठी तेराव्या शतकातलं गद्य घेतलं. माल वेगळा, काळ वेगळा, पण हातोटी तीच: जुन्या मराठीचं हत्यार काढायचं आणि आजच्या मराठीच्या ढोंगावर चालवायचं. 'कोसला'ची तुलना आपल्याकडे सॅलिंजरशी पुष्कळ झाली. ती चुकीची नाही, पण तिच्यामुळे जवळचा पूर्वज नजरेआड झाला.

पुढे नेमाड्यांनी देशीवादाची मांडणी केली, आणि आधुनिकतावादाकडे पश्चिमेची आयात म्हणून पाहण्याची वृत्ती त्यांच्या मागून आलेल्यांत पसरली. विरोधाभास असा की देशीवादाची सर्वांत सर्जनशील कृती, म्हणजे जुना देशी घाट नव्या आशयासाठी वापरणं, मराठीत पहिल्यांदा ठसठशीतपणे केली ती एलियट वाचलेल्या मर्ढेकरांनी. 'बिढार', 'जरीला', 'झूल' या कादंबऱ्या १९७५पासून पुढे आल्या. त्यांचा नायकही चांगदेव. नाव पुन्हा संतांच्या गोतावळ्यातलं. संतांकडे वळणारे नेमाडे एकटे नव्हते: कमल देसाईंच्या एका पुस्तकाचं शीर्षक तुकारामाकडून आलेलं आहे. त्यांच्या 'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई'त वास्तव आणि भास यांची सरमिसळ होते ती कवितेच्या तर्कानं. समीक्षेनं त्यांना बराच काळ बाजूला ठेवलं, याचं मला अजून नवल वाटतं.

१९६३ हे वर्ष नुसतं 'कोसला'चं नव्हतं. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' त्याच वर्षीचा. अशोक शहाण्यांनी समकालीन मराठी साहित्यावर 'क्ष' किरण टाकणारा लेख लिहिला तोही याच वर्षी. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांचं 'शब्द' हे अनियतकालिक पन्नाशीच्या दशकातच सुरू झालं होतं. मराठीतली लघुनियतकालिकांची चळवळ कवींची म्हणून ओळखली जाते, पण गद्य लिहिणाऱ्यांना तिनं जे दिलं त्याची मोजदाद कमी झाली. चित्र्यांनी स्वतः 'ऑर्फियस'मध्ये कथा लिहिल्या. त्यांच्या आग्रहाखातर किरण नगरकर 'अभिरुची'साठी मराठीत लिहायला बसले आणि त्यातून पुढे 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) उभी राहिली. मराठीतून शिक्षण जेमतेम प्राथमिक वर्गांपर्यंत झालेल्या माणसाची ही कादंबरी, काळाचे तुकडे करणारी आणि वाक्याला मुद्दाम ठेच लागू देणारी. कोलटकरांच्या कवितेतली थंड, तिरकी नजर तिच्यात दिसते. दोघं मित्र होते आणि दोघं जाहिरातीच्या धंद्यातले होते. मनोहर ओकांनी 'चरसी' लिहिली, वसंत आबाजी डहाक्यांनी 'योगभ्रष्ट'नंतर 'अधोलोक'. विलास सारंगांनी काफ्का आणि कविता यांच्या मधल्या जागेत कथा लिहिल्या. भाऊ पाध्ये कवी नव्हते, पण त्यांच्या गद्याचं मोल आधी ओळखलं ते याच कवींनी.

कोलटकर आणि चित्रे दोघांनीही शेवटचे दिवस पुण्यात काढले. २००४मध्ये कोलटकर गेले, २००९मध्ये चित्रे. कोलटकरांच्या कवितेतली जेजुरीही पुणे जिल्ह्यातलीच. नामदेव ढसाळांचं गाव पूर, खेड तालुक्यातलं. १९७२च्या त्यांच्या 'गोलपिठा' या संग्रहानं गद्यासाठी जे दार उघडलं त्यातून आधी कादंबरी नव्हे, आत्मकथन आत आलं. 'बलुतं' लिहिणारे दया पवार त्याआधी 'कोंडवाडा'चे कवी होते, हे इथे पुरेसं बोलकं आहे.

अश्लीलतेच्या खटल्यांची बाजूही आहे. मर्ढेकरांवर 'काही कविता'साठी खटला झाला आणि ते सुटले. पुढे गद्याच्या वाट्याला तेच आलं. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर, 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकासाठी, पुण्यात फिर्याद झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ साली निकाल लेखकाच्या बाजूनं लागला. त्या कथेचा नायक कवी आहे. वाङ्मयीन दृष्ट्या तिचा मर्ढेकरांशी काडीचा संबंध नाही, पण वाचकाच्या सहनशक्तीची हद्द आधी कवितेनं सरकवली होती एवढं नक्की.

गौरी देशपांडे यांच्यावर या अंगानं फारसं लिहिलं गेलेलं नाही. महर्षी कर्व्यांची नात, इरावती कर्व्यांची मुलगी, पुण्याच्या. त्यांचे सुरुवातीचे संग्रह इंग्रजी कवितांचे, १९६८पासूनचे. मराठी गद्याकडे त्या नंतर वळल्या, 'एकेक पान गळावया' १९८०चं. इंग्रजी कवितेत अवघडून बोलणारा तोच 'मी' मराठी दीर्घकथेत मोकळा, खट्याळ आणि निर्दय झाला. मर्ढेकरांचं काही त्यांनी घेतलं असं म्हणता येत नाही. त्यांनी घेतलं ते कवितेतलं संबोधन, म्हणजे सगळी कथा एका व्यक्तीला उद्देशून, तिच्याशी भांडत लिहिणं. त्यांच्या नंतरच्या लेखिकांत कविता महाजन याच क्रमानं आल्या, आधी कविता, मग 'ब्र' आणि 'भिन्न'. पण त्यांच्या कादंबरीचं इंधन कवितेपेक्षा प्रत्यक्ष कामाच्या, माहितीच्या बाजूनं आलं.

आजच्या घडीला हा वारसा कुठे शोधावा? मी श्याम मनोहरांकडे जाईन. भौतिकशास्त्राचे माजी प्राध्यापक, वास्तव्य पुण्यात, 'कळ', 'उत्सुकतेने मी झोपलो', 'खूप लोक आहेत' या कादंबऱ्यांचे लेखक. ते कवी म्हणून ओळखले जात नाहीत. पण त्यांचं वाक्य एकेकटं उभं असतं, शेजारच्या वाक्याचा आधार न घेता, आणि दोन वाक्यांमधल्या खाचेत विनोद आणि भीती एकदम दिसतात. मध्यमवर्गीय घरातला माणूस 'ज्ञान' म्हणतो, 'सभ्यता' म्हणतो, आणि त्या शब्दांची हवा निघून जाते. 'कोसला'तल्या 'उदाहरणार्थ'पासून हे फार लांब नाही.

हा इतिहास सलग लिहिला गेला नाही, याचं एक साधं कारण आहे. आपल्या विद्यापीठांत कवितेचा पेपर वेगळा आणि कादंबरीचा वेगळा. शिकवणारे वेगळे, संशोधनाचे विषयही त्याच खणांत पडतात. विजया राजाध्यक्षांनी मर्ढेकरांच्या कवितेवर केलेलं काम मोठं आहे आणि नेमाड्यांच्या कादंबरीवर तर कपाट भरेल इतकं लिहिलं गेलं आहे. या दोन कपाटांच्या मधला अभ्यास पुण्यात व्हायला हवा. सामग्री इथेच आहे, जुन्या ग्रंथालयांतल्या मासिकांच्या फायलींत. तोवर वाचकानं एक करावं: 'काही कविता' आणि 'कोसला' एकाच आठवड्यात, शक्य तर मोठ्यानं, एकापाठोपाठ एक वाचावीत.